कॅप्टन सिद्रामप्पांच्या तीन दिवाळ्या

आमच्या शेजारचे कॅप्टन बिराजदार स्कूटर सुरू करायच्या आधी तिला एक प्रदक्षिणा घालत. पुढच्या चाकापासून सुरुवात, मग हँडल, मग इंजिन, मग मागचं चाक आणि पुन्हा पुढे. टायरवर बुटाची टाच मारून बघायची. टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचं, मग ती आदल्या दिवशीच भरलेली का असेना. शेवटी खिशातला रुमाल काढून हात उंच धरायचा आणि वारा कुठून येतोय ते पाहायचं. हे सगळं होईपर्यंत त्यांच्या पत्नी महादेवीअक्का हातात भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या असत. मग त्या मागे बसत आणि प्रश्नोत्तरं सुरू होत.

"पदर?"

"खोचला."

"पिशवी?"

"मांडीवर."

"चपला?"

"दोनी हायत."

"मागं कोण?"

"कुत्रं हाय. बसलंय."

"मग कुत्रं उठू दे."

आणि खरोखर थांबत. मंगळवार बाजार आमच्या गल्लीपासून चालत पंधरा मिनिटांवर. कित्येकदा मी त्यांच्या डोळ्यांदेखत पायी निघून, मेथी-वांगी घेऊन परत येई, तेव्हा कॅप्टन नुकतेच किक मारत असत.

मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. माझे यजमान रेल्वेच्या कचेरीत. मुरारजी पेठेत आमचं आणि बिराजदारांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. पुढच्या अंगणात एक कडुलिंब, तो दोघांचा. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता, आणि त्याच सुमाराला विमान कंपनीतून निवृत्त होऊन कॅप्टन कायमचे राहायला आले होते. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा. नाव सिद्रामप्पा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि विमानात इंग्रजी अशी त्यांची तिन्ही भाषांत उठबस. बोलता बोलता ते एकीतून दुसरीत कधी जात, त्यांचं त्यांनाही कळत नसे.

विमान चालवणारा माणूस गल्लीत राहतो याचं आम्हां सगळ्यांना फार कौतुक होतं. रिक्षावाले त्यांना 'विमानवाले मालक' म्हणत. पाऊस लांबला की भाजीवाली मावशी त्यांना थांबवून म्हणायची, "मालक, तुमची वर वळख हाय न्हवं? जरा सांगा की." कॅप्टन गंभीरपणे आभाळाकडे बघत. "हे ढग नुसते बघायला आलेत मावशी. उतरायचे न्हाईत," असं सांगत. त्यांचं बहुधा खरं ठरे.

त्यांच्या मनगटावर दोन घड्याळं असत. एक आपलं, एक ग्रीनिचचं. पहाटे साडेपाचला मिलचा भोंगा झाला की ते अंगणात येऊन दोन्ही घड्याळं बघत आणि स्वतःशीच म्हणत, "तिकडं आत्ता बारा." तिकडं म्हणजे कुठं आणि तिथं त्यांचं कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही. प्रकृती कशी आहे विचारलं की उत्तर एकच, विमानाच्या वायरलेसवरचं, "ऑपरेशन नॉर्मल." दाढ काढून गाल सुजलेला असतानाही नॉर्मल.

आणखी एक खोड होती. बसमधून, टांग्यातून, कुठूनही जाताना त्यांची नजर सतत रस्त्याच्या कडेच्या रानावर असे. मध्येच ते शेजारच्याला कोपर मारून सांगत, "हितं उतरता येतंय." किंवा, "हितं न्हाय. बांध हाय." इंजिन बंद पडलं तर विमान कुठे टेकवायचं, याचा शोध पंचवीस वर्षं घेतल्यावर तो असा एका दिवसात थोडाच सुटणार? अक्कलकोटच्या वाटेवर कुठली ज्वारीची पट्टी सपाट आहे, हे त्या शेताच्या मालकापेक्षा कॅप्टनना जास्त ठाऊक होतं.

रविवारी सकाळी कडुलिंबाखाली खुर्च्या मांडल्या जात. अक्का शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणून ठेवत, मी चहा करी, आणि गल्लीतली आठ-दहा माणसं कॅप्टनच्या गोष्टी ऐकायला जमत. त्यांच्या डाव्या बाजूला बसायची मात्र सोय नव्हती. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. कॅप्टनची जागा डावीकडे, तिकडच्या इंजिनाने तो कान खाल्ला, असं त्यांचं म्हणणं.

ते काय काय सांगत! सुरुवातीच्या दिवसांत प्रवाशांचंही सामानाबरोबर वजन करत. बायका वजन मोठ्याने सांगू देत नसत, म्हणून कारकून काट्यावरचा आकडा कागदावर लिहून पायलटच्या हातात सरकवी. विमानात कानात घालायला कापूस आणि चघळायला पेपरमिंट देत. डकोटा विमानाच्या पुढच्या काचेतून पाऊस आत गळायचा, म्हणून पायलट मांडीवर रबरी कापड पसरून बसत. वाट चुकली की खाली येऊन रेल्वेचे रूळ शोधायचे, आणखी खाली येऊन स्टेशनच्या पाटीवरचं नाव वाचायचं.

"कुर्डुवाडी वाचलं की पुन्हा वर," कॅप्टन हात वर करून दाखवत. "स्टेशनमास्तर हिरवा झेंडा दाखवायचा. त्याला वाटायचं, गाडीच आली."

पण लोकांच्या खऱ्या आवडत्या गोष्टी दोन. पहिली श्रीनगरची. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची दिवाळी. श्रीनगरहून माणसं भरभरून दिल्लीला आणायची होती. विमानात माणसं जास्त, पंखांवर बर्फ, समोर बनिहालच्या डोंगरावर ढग. "आम्ही सामान खाली टाकायला लावलं," कॅप्टन सांगत. "सगळ्यांनी टाकलं. एक म्हातारी मात्र विस्तवाची शेगडी पोटाशी धरून बसलेली. विमानात विस्तव! सोडंना. आमचे तर पाय गारठून लाकूड झालेले. शेवटी तीच उठून पुढं आली आणि आमच्या पायाशी शेगडी ठेवून बसली. त्या उबेवर डोंगर पार केला."

दुसरी आसामची. चहाच्या मळ्यातली मातीची धावपट्टी आणि मधोमध उभा हत्ती. "आम्ही घिरट्या घालतोय, घालतोय. पेट्रोल संपत आलं. हत्ती वर बघतोय, आम्ही खाली बघतोय. मग मळ्याचा मॅनेजर केळीचा घड घेऊन पळत आला..." इथे कॅप्टन खुर्चीतून उठून आधी मॅनेजर होत, मग हत्ती होत. अक्का आतून ओरडत, "साकु री! पुरे आता, चहा गार होतोय."

गल्लीच्या टोकाला मंगळवेढेकर राहत. ते मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती मिनिटं उशिरा आला, हे टिपून ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस मनाने वाईट नव्हता, पण चूक दिसली की हात शिवशिवायचे. ते दर रविवारी येत, भाकरी खात आणि एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत. आम्हाला वाटे, गोष्टी आवडतात म्हणून लिहून ठेवतात.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "बाई, तुमच्याकडे मोठा नकाशा असेल. श्रीनगर ते आसाम अंतर किती?"

मी हौसेने ॲटलास काढला. दोरा लावून मोजून दिलं. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली. दोन्ही गोष्टींच्या पुढे एकच नोंद होती. स्वातंत्र्याच्या वर्षीची दिवाळी.

"हत्तीच्या वेळी मळ्यात पणत्या लावलेल्या दिसल्या, असं ते म्हणतात. शेगडीच्या वेळी विमानतळावरच्या शिपायांनी लाडू दिले, असं म्हणतात. एक माणूस एका दिवाळीला दोन्हीकडे?"

मी म्हटलं, "विसरत असतील हो. वय झालं."

"मिलमध्ये असं कुणी सांगितलं तर आम्ही त्याला विसरणं म्हणत नाही," मंगळवेढेकर म्हणाले.

गोष्ट इथेच थांबली असती, पण पुढचं तेल मीच ओतलं. त्या आठवड्यात अक्कांकडे शेंगा फोडायला बसले होते. सहज विचारलं, "स्वातंत्र्याच्या वर्षीची, तुमच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी कॅप्टनसाहेबांविना गेली असेल, नाही? ते तिकडं काश्मीरला."

"काश्मीरला कुटलं?" अक्का हसल्या. "त्या दिवाळीला आमच्या माहेरात होते की. दिवाळसणाला. शेंगापोळ्या सात खाल्ल्या, आन दुसऱ्या दिवशी पोट धरून बसले. आमचा दादा अजून चिडवतोय."

मी हे यजमानांना सांगितलं. यजमानांनी पान खाताना मंगळवेढेकरांना सांगितलं. रविवारपर्यंत गल्लीभर झालं. लोक यायचे थांबले नाहीत, पण ऐकण्याची तऱ्हा बदलली. कॅप्टन रंगात आले की कुणीतरी हळूच दुसऱ्याच्या पायाला पाय लावी. आमच्याकडच्या मोलकरणीने एकदा सरळ विचारलं, "बाई, ते खरंच विमान चालवत व्हते का विमानात चहा देत व्हते?" मी तिला रागावले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात किडा शिरला होता. कुठल्याच गोष्टीत हा माणूस स्वतःचं नाव घेत नाही, नुसतं 'आम्ही' म्हणतो, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात मी त्यांना शाळेत बोलावून बसले होते. भूगोल मंडळाचं उद्घाटन, विषय 'आपल्या देशातील विमानोड्डाण'. मोठ्या बाईंनी पालकांनाही निमंत्रणं पाठवली होती. मंगळवेढेकरांची धाकटी मुलगी आमच्या शाळेत नववीत होती.

कॅप्टननी तयारी केली ती एखाद्या लांबच्या उड्डाणासारखी. मुलींना दाखवायला पुठ्ठ्याचं विमान केलं. गणवेशाचा कोट काढून उन्हात घातला. शिवाय पुण्याला पत्र टाकून एका जुन्या सोबत्याला बोलावून घेतलं. कॅप्टन रेगे. उंच, काटकुळे, पांढऱ्याशुभ्र मिशा. ते वर्षानुवर्षं सिद्रामप्पांच्या शेजारी को-पायलट होते, त्यामुळे त्यांचा उजवा कान गेलेला. दोघे अंगणात जुन्या सवयीने बसले, सिद्रामप्पा डावीकडे, रेगे उजवीकडे. धड कान आपोआप एकमेकांकडे आले. तरीही दोघे असे ओरडून बोलत होते की त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीला डकोटाची माहिती घरबसल्या मिळाली.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत अक्का ठेवणीतलं इरकल नेसून बसल्या होत्या. सुरुवात फार छान झाली. कॅप्टननी कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली. पट्टी खाली वाकण्याऐवजी वर उचलली गेली. "बघा. एवढंच हाय विमान," ते म्हणाले. "बाकीचं सगळं लोखंड." दीडशे मुलींनी वह्यांची पानं फाडून फुंकरी मारल्या. मोठ्या बाईंनीसुद्धा निमंत्रणपत्रिकेवर मारून पाहिली.

मग त्यांनी बनिहालची गोष्ट काढली. म्हातारी शेगडी घेऊन पुढे आली, डोंगर पार झाला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तसे मंगळवेढेकर उठले. हातात वही.

"कॅप्टनसाहेब, एक शंका. राग मानू नका. मुलींपुढे इतिहास सांगायचा तर खरा सांगावा म्हणून विचारतो." आणि त्यांनी शांतपणे, हजेरी वाचावी तसं वाचलं. त्या दिवाळीला श्रीनगर. त्याच दिवाळीला आसाम. आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच दिवाळीला सासुरवाडी. "तिन्हींतलं खरं कुठलं?"

अक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. शेंगा फोडताना सांगितलेली गोष्ट इथवर कशी आली, हे त्यांना कळलं होतं.

कॅप्टननी पुठ्ठ्याचं विमान टेबलावर ठेवलं.

"तिसरं," ते म्हणाले. "सासुरवाडीचं खरं हाय."

मागच्या बाकांवर मुली हसल्या. कॅप्टन हसले नाहीत. "श्रीनगरला मी न्हवतो. आसामला पण न्हवतो," असं म्हणून ते खुर्चीवर बसले. गणवेशाचा कोट त्यांच्या अंगावर एकाएकी मोठा दिसू लागला.

"काय म्हणाला तो?" व्यासपीठावरून रेगे गरजले. मंगळवेढेकर नेमके त्यांच्या बहिऱ्या बाजूला उभे होते, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. अक्का उठल्या, पदर सावरत व्यासपीठाशी गेल्या आणि त्यांच्या चांगल्या कानात मोठ्याने म्हणाल्या, "ते म्हणतात, ह्यांच्या गोष्टी खोट्या हायत!"

"खोट्या?" रेगे उभे राहिले. "एकही खोटी नाही. फक्त त्याच्या नाहीत."

मग ते मुलींकडे वळले. "शेगडीची गोष्ट दस्तूरची. आमचा दस्तूर. दिवाळीच्या दिवशी त्याने ते विमान आणलं. पुढच्या वर्षी डोंगरातच गेला. हत्ती सुब्बूचा. सुब्बू मागच्या वर्षी मद्रासला घरी झोपेत गेला. आणि तो तुम्हाला टायर फुटल्याची गोष्ट सांगत असेल ना, ती माझी. मी अजून आहे." लोक हसले. "आता सिद्रामची स्वतःची गोष्ट विचारा त्याला. विचारा ना! नाही त्याच्याकडे. मी याच्याबरोबर कित्येक वर्षं उडालो. सांगण्यासारखं काहीसुद्धा झालं नाही. ढग दिसला की हा वळसा घालायचा. इंजिनाचा सूर जरा निराळा वाटला की जवळच्या विमानतळावर उतरायचा. प्रवासी शिव्या घालायचे, कंपनी उशिराचा जाब विचारायची. हा म्हणायचा, उशीर झाला तर माफी मागता येते. मुलींनो, आमच्याकडे गोष्टी आहेत, कारण आम्ही ढगात घुसलो. माझी बायको देवाला रोज एकच सांगायची, आज यांची ड्यूटी सिद्रामबरोबर लागू दे."

मंगळवेढेकर अजून उभेच होते. वही मिटलेली. "पण मग," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "सरळ त्यांची नावं घेऊन का नाही सांगत?"

कॅप्टन खुर्चीतूनच बोलले. "सांगत होतो की आधी. पहिल्या रविवारी सांगितली. 'दस्तूर म्हणून एक होता,' म्हटलं की माणसं चहाचा कप ठेवायला उठायची. मेलेल्या परक्या माणसाचं कोण ऐकतंय? 'आम्ही' म्हटलं की बसतात. दस्तूरला मूलबाळ न्हवतं. बायको दुसरं लग्न करून परदेशी गेली. त्याची शेगडी मी न्हाय सांगितली तर कोण सांगणार? म्हटलं, जाऊ दे, माझ्या अंगावर राहू दे."

मला वाटलं, आता आभार मानून कार्यक्रम आवरता घ्यावा. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून पद्मा येमूल उठली. साखर पेठेतल्या हातमागवाल्यांची मुलगी. वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"सर, तुमची सांगा ना. काही झालेलं नसलं तरी चालेल."

कॅप्टननी रेग्यांकडे पाहिलं, रेग्यांनी खांदे उडवले. मग ते उठले आणि पहिल्यांदाच 'मी' म्हणून बोलले. नागपूरहून मुंबई. सकाळची वेळ. स्वच्छ आभाळ. दोन्ही इंजिनं व्यवस्थित. एक बाळ सुरुवातीला रडलं, मग झोपलं. एक गृहस्थ वर्तमानपत्राच्या आड डोळे मिटून बसले होते. ठरलेल्या वेळी विमान टेकलं. मुलींना वाटलं, संपलं. पण कॅप्टन बोलतच होते.

"उतरल्यावर पायलटचं काम संपतंय. बाकीचे कॅप्टन टोपी काढून लगेच जायचे. मी पंखाच्या सावलीत थांबायचो. शेवटचा माणूस उतरून कुंपणापर्यंत जाईपर्यंत. पलीकडं न्यायला आलेली माणसं असायची ना? कुणी हार आणलेला, कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं. तो वर्तमानपत्रवाला एवढा मोठा माणूस, पण म्हातारी आई दिसल्याबरोबर पळायला लागला. बॅग इथंच टाकली. मी हमालाकडून पाठवून दिली. हे बघायचो मी. रोज. एकदा एका बाईला न्यायला कुणी आलंच न्हाय. मग मी बसलो तिच्याबरोबर. तीन तासांनी भाऊ आला तिचा, सायकलवरनं, घामानं भिजलेला. त्याला कुणीतरी दहाच्या जागी एकची वेळ सांगितली होती." त्यांनी पुठ्ठ्याचं विमान हातात घेतलं. "सगळी गेली की मैदान मोकळं. मग मी बसमध्ये बसून खोलीवर जायचो."

"तुम्हाला न्यायला कोण यायचं?" पद्माने विचारलं.

"पायलटला कोण येणार? तो तर रोजच येतोय."

पुढच्या रांगेतून अक्कांचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असा. "मला सांगायचं की. आले असते मी."

"तू कुटं मुंबईला? आई होती हितं, शेत होतं."

"एकदा बोलवून तरी बघायचं," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने नाक पुसलं.

त्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगते. मंगळवेढेकर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सर्वांत आधी येऊन बसले. कॅप्टन काही बोलायच्या आत म्हणाले, "दस्तूर, एवढंच लिहून भागायचं नाही. पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव, गाव." त्यांनी नव्या वहीत रकाने आखून आणले होते. पुढची दोन वर्षं ते आणि कॅप्टन पत्रं पाठवून ती वही भरत राहिले. सुब्बूच्या मुलाचं उत्तर आलं, तेव्हा मंगळवेढेकरांनी ते कडुलिंबाखाली उभं राहून मोठ्याने वाचलं. माणसं कप ठेवायला उठली नाहीत. आणि पद्मा येमूल कॉलेजला गेली, ती भूगोल घेऊन. एवढं श्रेय मी माझ्याकडे ठेवते.

अक्का माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मी रोज कडुलिंबाशी जाऊन उभी राहायचे. आठव्या दिवशी त्यांनी चटणीची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "आता हे पण सांग सगळ्यांना." मग आम्ही दोघी हसलो आणि प्रकरण मिटलं.

पुढच्याच महिन्यात कॅप्टन पुण्याला रेग्यांकडे चार दिवस राहायला गेले. ते परत यायचे त्या दिवशी अक्का सकाळीच माझ्या दारात. तेच इरकल, केसांत अबोलीचा गजरा.

"स्टेशनवर येतीस का माझ्यासंगं? मला फलाट कळत न्हाई."

गाडी दुपारी दोनची. आम्ही बारालाच जाऊन बसलो. अक्कांनी तीनदा हमालाला विचारलं, गाडी ह्याच फलाटावर येणार का. माझ्या यजमानांनी कचेरीतून येऊन खात्री दिली तरी त्यांचं समाधान होईना. गाडी आली. गर्दी उतरली, पेट्या, वळकट्या, रडणारी पोरं, गळाभेटी. माणसं पांगत पांगत फलाट मोकळा होऊ लागला. कॅप्टनचा पत्ता नाही. अक्कांचा चेहरा उतरला. मी मात्र त्यांचा हात धरून ठेवला होता. हा माणूस सगळ्यांच्या शेवटी उतरणार, हे मला आता ठाऊक होतं.

सर्वांत शेवटी ते एका डब्याच्या दारात दिसले. एका म्हाताऱ्या बाईंची पिशवी त्यांनी खाली दिली. तिला घेऊन तिचा नातू गेला, तो लांब जाईपर्यंत पाहत राहिले. मग नजर इकडे वळली आणि पायरीवरचा पाय तसाच राहिला.

"कुणाला न्यायला आलीस?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, गजरा नीट केला.

"एक जण येणार होते पुण्याहून."

"उतरले का?"

"उतरतायत की," अक्का म्हणाल्या. "सावकाश."